बंगळूरला नव्याने राहायला आलेल्या मराठी खवय्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी बंगळूरला आलेल्या भाचे-पुतण्यांना, मित्रांच्या मुलांना आणि शेजाऱ्यांच्या ओळखीच्यांना मी गेली काही वर्षे फोनवर जी उत्तरे देत आलो, ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. घर मिळाले, गॅसची सोय झाली, की पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो: इथे खायचे कुठे आणि काय?

नव्या शहरात हॉटेले पालथी घालायची आहेत, पण सुरुवात नेमकी कुठून करावी?

सुरुवात घराजवळच्या दर्शिनीपासून आणि सकाळच्या नाश्त्यापासून करावी. नवखा माणूस साधारणपणे शनिवारी संध्याकाळी इंदिरानगर किंवा कोरमंगला गाठतो, एखाद्या झगमगीत ठिकाणी पाऊण तास ताटकळतो, जे पुण्यात बाणेरला मिळत होते तेच जास्त पैसे मोजून खातो आणि ‘बंगळूरमध्ये विशेष काही नाही’ असे घरी कळवतो. बंगळूरचे खाणे प्रामुख्याने सकाळी साडेसहा ते साडेदहा या वेळात घडते. त्या वेळी इडली नुकतीच उतरलेली असते, चटणीत पाणी वाढवलेले नसते आणि कॉफीचा अर्क ताजा असतो. पहिले दोन आठवडे रात्रीच्या जेवणाचा विचार बाजूला ठेवून रोज सकाळी वेगवेगळ्या ठिकाणी नाश्ता केला, तर शहराची जी ओळख होते, ती पुढच्या सहा महिन्यांच्या शनिवारांनी होत नाही.

दर्शिनी म्हणजे काय आणि तिथे मागवायचे कसे?

दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याचे, आधी पैसे भरण्याचे आणि स्वतःची बशी स्वतः उचलण्याचे शाकाहारी उपाहारगृह. १९८३ साली जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाले. त्यामागची कल्पना आर. प्रभाकर यांची होती, आणि पुढे ‘दर्शिनी’ हे एका हॉटेलाचे नाव न राहता प्रकाराचेच नाव झाले. स्वयंपाकघर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर उघडे असणे हा या प्रकाराचा महत्त्वाचा भाग आहे. वाढपी नाहीत, खुर्च्या नाहीत आणि जागाही थोडी, त्यामुळे भाव आवाक्यात राहतात.

पद्धत अशी आहे. दारातल्या गल्ल्यावर पदार्थ सांगून पैसे भरायचे. मिळालेली चिठ्ठी आतल्या ओट्यावरच्या माणसापुढे ठेवायची. तो ती किंचित फाडतो किंवा खिळ्याला टोचतो, मोठ्या पातेल्यातून चटणीचा डाव बशीत ओततो आणि बशी पुढे सरकवतो. इडली-वडा मागवला असल्यास तो ‘डिप?’ एवढेच विचारेल. याचा अर्थ सांबारात बुडवून हवे की सांबार वेगळे हवे. कॉफीचा ओटा बहुतेक ठिकाणी वेगळा असतो आणि त्याची चिठ्ठी तिथे द्यायची असते. बशी घेऊन कमरेच्या वर येणाऱ्या उंच टेबलापाशी उभे राहायचे, तिथे आधी कोणी असले तरी संकोच करायचा नाही, आणि खाऊन झाल्यावर बशी ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची. चटणी पुन्हा मागितल्यास बहुधा कोणी नाही म्हणत नाही. सांबाराचे मात्र प्रत्येक ठिकाणचे धोरण निराळे असते.

कॉफीबाबत एक शब्द लक्षात ठेवावा, तो म्हणजे ‘बाय-टू’. एका कॉफीचे दोन भाग करून दोघांना देण्याची ही जुनी पद्धत आहे आणि ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही. आपला कटिंग चहा एकट्याचा असतो. बाय-टूला मात्र समोर दुसरा माणूस लागतो.

फलकावर ‘खारा भात’, ‘केसरी भात’, ‘चौ चौ भात’ असे लिहिलेले असते. हे सगळे भाताचे प्रकार आहेत का?

नाहीत, आणि इथेच मराठी माणसाची पहिली फसगत होते. खारा भात म्हणजे भाज्या आणि मसाला घातलेला रव्याचा उपमा, केसरी भात म्हणजे केशरी रंगाचा तुपाळ शिरा, आणि या दोहोंची एकेक मूद एकाच बशीत आली की तिला चौ चौ भात म्हणतात. तिन्हींत तांदळाचा दाणाही नसतो. बिसी बेळे भातात मात्र तांदूळ असतो, डाळही असते, आणि वांगी भातात तर आपलाच शब्द बसलेला आहे. कन्नडमध्ये वांग्याला ‘बदनेकायी’ म्हणतात, तरीही या भाताला कोणी बदनेकायी भात म्हणताना मी ऐकलेले नाही.

याहून महत्त्वाचा घोटाळा ‘खारा’ या शब्दाचा आहे. कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात एका ओट्यावर चटणी मला अतिशय खारट लागली, म्हणून मी हिंदी-मराठीची भेळ करून ‘चटणी बहुत खारा है’ अशी तक्रार केली. समोरच्या भल्या माणसाने समजुतीने मान हलवली आणि तिखट कमी व्हावे म्हणून बशीत आणखी एक डाव नारळाची चटणी ओतली. ती अर्थातच तेवढीच खारट होती. मिठाला ‘उप्पु’ म्हणतात, हे मला दुपारी एका सहकाऱ्याने सांगितले.

‘अन्न’ हाही असाच शब्द आहे. आपल्याकडे अन्न म्हणजे कुठलेही खाणे, पण इथे अन्न म्हणजे शिजवलेला भात. त्यामुळे वाढपी ‘अन्न?’ म्हणून विचारतो तेव्हा तो भाताची मूद घेऊन उभा असतो. उलट कोसंबरी म्हणजे कोशिंबीर, चिरोटी म्हणजे चिरोटा, होळिगे म्हणजे पुरणपोळी आणि पड्डु म्हणजे आप्पे, हे कळल्यावर फलक वाचताना फारसे अवघड जात नाही. डोशांपैकी ‘खाली दोसे’ म्हणजे भाजीविना साधा डोसा आणि ‘सेट दोसे’ म्हणजे जाड, लुसलुशीत असे बहुधा तीन डोसे. ‘बेण्णे’ म्हणजे लोणी.

इथले सांबार गोड का लागते?

कारण त्यात गूळ असतो. उडुपी वळणाच्या स्वयंपाकात सांबाराला नारळ आणि गूळ यांची जोड असते, आणि बंगळूरच्या जुन्या शाकाहारी हॉटेलांवर त्या वळणाचा ठसा खोल आहे. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाने यावर नाक मुरडावे, याचे मला नेहमी नवल वाटते. कोल्हापूर-सांगलीकडच्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. त्यांनी आंध्र पद्धतीच्या जेवणाकडे वळावे. रेसिडेन्सी रोडवरील नागार्जुनमध्ये केळीच्या पानावर गरम भात, त्यावर डाळीची तिखट पूड आणि तूप वाढतात. त्या पहिल्या घासानंतर गोड सांबाराची आठवण काही काळ येत नाही.

नावाजलेल्या जुन्या हॉटेलांपुढच्या रांगेत उभे राहण्यात अर्थ आहे का?

काही ठिकाणी आहे, पण कुठे कशासाठी जायचे हे आधी ठाऊक हवे. यांपैकी प्रत्येक ठिकाणाचा एक पदार्थ असतो. तो सोडून बाकीचे मागवणारा माणूस निराश होऊन परततो आणि दोष हॉटेलाला देतो.

मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, १९२४ साली सुरू झाले. लालबाग रोडवरील त्यांच्या हॉटेलात रवा इडली खावी, कारण ती त्यांचीच देणगी मानली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात रव्याची इडली करून पाहण्यात आली आणि ती टिकली. आज महाराष्ट्रात घरोघरी झटपट रवा इडलीचे पाकीट येते, त्याचे मूळही याच घरात आहे. आणीबाणीच्या काळात सरकारने हॉटेलांच्या दरांवर नियंत्रण आणले, त्या दरात जुना दर्जा राखणे परवडेना, आणि तेव्हा एमटीआरने तयार पिठांच्या व्यवसायाकडे लक्ष वळवले.

बसवनगुडीतील गांधी बाजारात १९४३ पासून विद्यार्थी भवन आहे. नावाप्रमाणे ते मूळचे विद्यार्थ्यांसाठीचे. तिथला मसाला डोसा आकाराने फार मोठा नसतो, पण जाड, बाहेरून कडक, तांबूस आणि तुपाने माखलेला असतो. वाढपी एका हातावर बशांची उतरंड रचून येतो आणि टेबलापाशी उभ्या-उभ्या एकेक बशी पत्ते वाटावेत तशी खाली ठेवतो. हे दृश्य पाहण्यासाठी आतल्या बाजूची जागा मिळवावी. अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते, आणि आपण शेवटचा घास घेत असताना पुढचे गिऱ्हाईक खुर्चीमागे उभे असते, याची तयारी ठेवावी.

मल्लेश्वरममधील सीटीआर, ज्याच्या पाटीवर आता श्री सागर असे नाव आहे, तिथे बेण्णे मसाला डोसा खावा. शंकरपुरममधील ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ पासून जेमतेम चार-पाच पदार्थांवर चालू आहे. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी. तिथे सांबार मिळतच नाही, फक्त चटणी मिळते. रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पातळ, हिरवट-पांढरी चटणी भुरकताना माणसे दिसतात, त्यांना सांबाराची उणीव भासत असावी असे वाटत नाही. सांबार न देण्याइतका आत्मविश्वास असलेले हॉटेल मला तरी दुसरे माहीत नाही.

सगळ्या रांगा मात्र सारख्या नसतात. मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे लागलेली रांग आणि शेजारच्या आजोबांनी चाळीस वर्षे लावलेली रांग यांतला फरक रविवारी कळत नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता जाऊन पाहावे.

तासभर प्रवास करून गेलो आणि हॉटेल बंद होते. असे का?

कारण जुन्या हॉटेलांचा आठवडी सुट्टीचा वार असतो आणि तो ते बदलत नाहीत. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असते, लालबाग रोडचे एमटीआर सोमवारी. शिवाय पुष्कळ ठिकाणी सकाळचा फराळ अकरा-साडेअकराला संपतो आणि मध्ये काही तास दार बंद असते. दुपारी बारा वाजता ‘उशिरा नाश्ता करू’ म्हणून निघालेल्या माणसाला बहुतेक वेळा ओटे धुण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. निघण्यापूर्वी फोन करून वार आणि वेळ विचारून घ्यावी.

मी व्हाइटफील्डला राहतो. ही सगळी ठिकाणे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत. कसे जमवावे?

मेट्रोने. रस्त्याने जायचा आग्रह धरला, तर रविवारी सकाळी सात वाजता तो निभावतो, एरवी नाही. जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफील्डहून थेट चल्लघट्टपर्यंत सलग धावते. मॅजेस्टिकला उतरून हिरव्या मार्गिकेवर बदलले, की नॅशनल कॉलेज, लालबाग आणि पुढे जयनगर ही स्थानके लागतात. उलट दिशेला मल्लेश्वरमसाठी संपिगे रोड स्थानक सोयीचे. नॅशनल कॉलेजला उतरल्यावर एकीकडे विश्वेश्वरपुरमची तिंडी बीदी, म्हणजे खाऊगल्ली, आणि दुसरीकडे चालत जाण्याजोगे गांधी बाजार आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीकडे राहणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून पिवळी मार्गिका सुरू झाली असून ती आर. व्ही. रोड स्थानकावर हिरव्या मार्गिकेला मिळते. रविवारी पहिली गाडी इतर दिवसांपेक्षा उशिरा सुटते, हे लक्षात घ्यावे.

एका फेरीत एकच भाग पाहावा, असा माझा आग्रह आहे. बसवनगुडीत नाश्ता, इंदिरानगरात जेवण आणि मल्लेश्वरममध्ये कॉफी असा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात दिवस गाडीत जातो आणि भूक भलत्याच वेळी लागते.

तिंडी बीदीला संध्याकाळी जावे. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीत, त्याच भागात अवरेकाळूचा, म्हणजे ओल्या पावट्याच्या जातीच्या दाण्यांचा बहर असतो आणि डोशापासून गोडापर्यंत सगळ्यांत ते दाणे घातलेले असतात. भिजवून, चिमटीत दाबून साल काढलेल्या दाण्यांना ‘हितकिद बेळे’ म्हणतात. वालाच्या बिरड्यासाठी डाळिंब्या सोलत बसलेल्या आईला ज्याने मदत केली असेल, त्याला या पदार्थामागचे कष्ट समजावून सांगावे लागणार नाहीत.

मांसाहारी जेवण कुठे चांगले मिळते? ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणजे लष्कराचे हॉटेल का?

मिलिटरी हॉटेलचा लष्कराशी आज काही संबंध नाही. शाकाहारी ‘ब्राह्मण’ हॉटेलांपासून वेगळे ओळखू यावे, यासाठी मटण-कोंबडीचे जेवण देणाऱ्या खानावळींना हे नाव पडले. काही जण ते इंग्रजांच्या छावणीशी जोडतात, तर काही जण मराठा सैनिकांशी. दुसरे स्पष्टीकरण ऐकून आपले कान टवकारणे स्वाभाविक आहे, कारण १६३८ साली आदिलशाही फौजेने बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांचा मुक्काम इथे होता. नावाचे मूळ काहीही असो, शहरातील बऱ्याच जुन्या मिलिटरी हॉटेलांचे चालक मूळच्या मराठा कुटुंबांतील आहेत. जयनगरमधील हॉटेलाचे तर नावच ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ आहे. गल्ल्यावरच्या माणसाशी मी एकदा मराठीत बोललो, तेव्हा त्याने उत्तर दिले तेही मराठीच होते, पण असे, की त्यातले निम्मे शब्द मला दोनदा विचारावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या सहवासात राहिलेली ती मराठी आहे.

तिथे दोन्ने बिर्याणी मागवावी. ‘दोन्ने’ म्हणजे आपला द्रोणच, फक्त आकाराने मोठा. बारीक दाण्याचा जीरग सांबा तांदूळ, पुदिना आणि कोथिंबीर यांमुळे आलेली हिरवट छटा, आणि हैदराबादी बिर्याणीसारखे थर नाहीत, केशर नाही. ज्यांची बिर्याणीची कल्पना लांब दाण्याशी बांधलेली आहे, त्यांना पहिल्या वेळी हा मसालेभात वाटतो. दुसऱ्यांदा जावे.

दुसरा पदार्थ रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा. भाकरी खाणारा माणूस तो चावायला जातो आणि दाढेला चिकटल्यावर हैराण होतो. तो चावायचा नसतो. बोटांनी लहानसा तुकडा तोडून मटणाच्या रश्श्यात बुडवावा आणि सरळ गिळावा. रश्शाशिवाय मुद्दे खाण्याचा प्रयत्न करू नये. सकाळी लवकर गेल्यास इडलीबरोबर पायाचा रस्सा मिळतो. इडलीचा हा उपयोग मला फार उशिरा कळला, याची खंत आहे.

आम्ही कोकणातले. मासे मिळतील का?

मिळतील. समुद्र दूर असला, तरी मंगळुरी पद्धतीची हॉटेले शहरभर आहेत. नावे तेवढी शिकावी लागतात: अंजल म्हणजे सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडा आणि काणे म्हणजे मुडदुशी. रव्यात घोळवून तळलेला मासा ओळखीचा वाटेल. आमटी मात्र मालवणीपेक्षा दाट आणि अधिक लाल असते आणि तिच्याबरोबर नीर डोसा, म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ, चांगला लागतो. सोलकढीची अपेक्षा ठेवू नये.

भाताचा कंटाळा आला आहे. ज्वारीची भाकरी कुठे मिळेल?

उत्तर कर्नाटकी जेवणाच्या ठिकाणी. या ठिकाणांना कन्नडमध्येही ‘खानावळी’च म्हणतात. धारवाड, विजयपूर, कलबुर्गी या भागांतून बंगळूरला आलेल्या माणसांसाठी ती निघाली, आणि सोलापूर-सांगली-लातूरकडच्या माणसाला तिथे परके वाटण्याचे काही कारण उरत नाही. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, मऊ किंवा कडक. एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगा चटणी म्हणजे शेंगदाण्याची चटणी, आणि गुरेळ्ळु चटणी म्हणजे कारळ्याची. सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ, कच्चा कांदा आणि दही. बसवनगुडीतील कामत बगल रॉकमध्ये हे जेवण नीटनेटक्या बैठकीत मिळते. गांधीनगर-मॅजेस्टिकच्या गल्ल्यांतील लहान खानावळींत बैठक साधी असते आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. मी या लहान खानावळींत जातो.

मिसळ आणि वडापाव कुठे चांगले मिळतात?

मिळतात, पण पहिले सहा महिने त्यांच्या मागे लागू नये. ज्या नव्याने आलेल्या मंडळींनी दुसऱ्याच आठवड्यात मिसळ शोधायला सुरुवात केली, त्यांचे मन इथल्या खाण्यात बसायला सर्वांत जास्त वेळ लागला, असा माझा अनुभव आहे. घरची आठवण अनावर झाली, तर गांधीनगरमधील महाराष्ट्र मंडळाशी संपर्क ठेवावा. सणावारी होणारे कार्यक्रम आणि घरगुती डबे देणाऱ्या मराठी गृहिणींची माहिती अशा ठिकाणी होणाऱ्या ओळखींतूनच हाती लागते.

कन्नड येत नाही. हॉटेलात अडचण येते का?

काम अडत नाही, कारण वाढप्यांपैकी अनेक जण स्वतःच बाहेरगावचे असतात. तरीही सात-आठ शब्द शिकून जावे. बेकु म्हणजे हवे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, एष्टु म्हणजे किती, बिसि म्हणजे गरम, नीरु म्हणजे पाणी. ‘स्वल्प’ तर शिकावेच लागत नाही. ऊट म्हणजे जेवण, तिंडी म्हणजे नाश्ता, आणि ‘ऊट आयता?’ म्हणजे ‘जेवलात का?’ हे आपल्याकडच्यासारखेच कुशल विचारणे असते, त्याला आमंत्रण समजू नये. ‘साकु’ वेळेवर म्हणता आले नाही, तर पानावर भात वाढतच जातो, म्हणून तो शब्द सर्वांत आधी पाठ करावा.

मोबाइलवरील तारे पाहून हॉटेल निवडावे का?

निवडावे, पण तारे न पाहता छायाचित्रे आणि तारखा पाहाव्यात. गिऱ्हाइकांनी काढलेल्या छायाचित्रांत टेबलांवर एकच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तोच तिथला खरा पदार्थ. घरपोच मागवणाऱ्यांनी दिलेले गुण आणि तिथे बसून खाणाऱ्यांनी दिलेले गुण यांत गल्लत करू नये, कारण डबीत बंद होऊन अर्धा तास घामेजलेला डोसा कोणाचाही असला तरी तो रबरच होतो. डोसा घरी मागवूच नये, हा या पानावरचा एकमेव सल्ला मी हट्टाने देतो.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला, तर तो द्यावा लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना सेवाशुल्क परस्पर बिलात जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. ते देणे सर्वस्वी आपल्या मर्जीवर आहे. काढून टाकण्यास नकार दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वस्तू व सेवा कर मात्र वेगळा असून साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के लागतो. दर्शिनीत हा प्रश्नच येत नाही, कारण फलकावर लिहिलेला आकडाच गल्ल्यावर द्यायचा असतो.

एकट्याने, विशेषतः मुलीने एकटीने, जाऊन खाणे अवघड वाटते का?

पुण्या-मुंबईहून आलेल्या बहुतेक मुलींनी मला सांगितले आहे, की सकाळच्या दर्शिनीत एकटीने उभे राहून खाणे त्यांना पहिल्या दिवसापासून सहज वाटले, कारण तिथे प्रत्येक जणच एकटा असतो आणि प्रत्येकाला कामाला पोहोचायचे असते. बसून वेळ घालवायचा असेल, तर चर्च स्ट्रीटवरील इंडिया कॉफी हाउस बरे. २००९ मध्ये ते एम. जी. रोडवरून तिथे आले. पांढऱ्या गणवेशातले वाढपी, ऑम्लेट, कॉफी, आणि पुस्तक काढून बसलेल्या माणसाकडे पाहून कोणी बिल आणून ठेवत नाही. जुन्या मिलिटरी हॉटेलांत पहिल्यांदा कोणाला तरी सोबत घेऊन जावे. अडचण सुरक्षिततेची नसते, पण दुपारच्या त्या गर्दीत जागा पकडायला दोन माणसे लागतात.

आई-वडील पहिल्यांदाच भेटायला येत आहेत. त्यांना कुठे न्यावे?

ज्येष्ठांना उभ्याने खायला लावू नये आणि पहिल्याच दिवशी तिंडी बीदीच्या गर्दीतही नेऊ नये. रविवारी सकाळी लवकर लालबागेत फिरवून आणावे, आणि तिथून एमटीआरला न्यावे. सातच्या सुमारास पोहोचल्यास वाट फार पाहावी लागत नाही. गल्ल्यावर नाव नोंदवून आईंना बाकावर बसवावे. रवा इडलीबरोबर लहान वाटीत पातळ तूप येते, ते सांबारात न मिसळता इडलीवर घालायचे असते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवावे. रविवारी चंद्रहार नावाचे पक्वान्न मिळते. चिरोट्यासारखे पापुद्रे आणि त्यांवर आटीव दुधाचा गोड रस. दोघांत एकच मागवावा, तो जड असतो. आई तो खाताना बहुधा दुसऱ्या घासाला थांबतील आणि यात साटा कशाचा लावला असेल, हे तुम्हाला विचारतील. उत्तर येत नसेल, तर वाढप्याला विचारावे. सकाळची गर्दी ओसरलेली असली, तर तो सांगतो.